बाबांची गाडी मोडीत गेली तेव्हा

ज्या माणसाने उभी नोकरी तहसील कचेरीत काढली, त्याला सरकारी नियमाबद्दल थाप मारायची, हा शहाणपणा आम्हा बहीण-भावालाच सुचू शकतो. थाप अशी होती: पंधरा वर्षांवरच्या सगळ्या गाड्या सरकारने बंद केल्या, त्या मोडीत काढाव्याच लागतात, नाहीतर पोलीस उचलून नेतात. आमच्याकडे असं काहीही नव्हतं. गाडी तपासणीत पास झाली, कर भरला, की आणखी पाच वर्षं चालवता येते. स्वतःहून मोडीत दिली तर मात्र नव्या गाडीच्या करात सूट मिळते. म्हणजे सवलत होती, सक्ती नव्हती. सक्ती आमच्या पदरची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळेत माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा गप्प बसतात. पण बाबांना समोर बसवून "तुम्हाला आता दिसत नाही, गाडी चालवू नका" असं म्हणायची वेळ आली, की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. भावाची तीच गत. तो पुण्यात असतो, त्यामुळे त्याला धीट सल्ले द्यायला काही जात नाही, पण फोनवर बाबांशी बोलताना तोही हवापाण्याच्या पुढे जात नसे. शेवटी त्यानेच ही वाट शोधली. म्हणाला, "ताई, आपण नाई सांगत, सरकार सांगून राह्यलं असं म्हन. सरकारचं ते आईकतात." मला ते लगेच पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं.

बाबा पवनारला एकटेच राहतात. आई गेली तेव्हा मी त्यांना वर्ध्याजवळ पिपरी मेघेला माझ्याकडे या म्हणून किती विनवलं, पण त्यांचं म्हणणं, गाडी आहे न, मनात आलं की येईन. आणि ते येतही. दर रविवारी अकराच्या ठोक्याला माझ्या दारात ती छोटी निळी गाडी उभी राहायची. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी ती घेतली. आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली चारचाकी. माझे आजोबा दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करायचे, आणि त्यांच्या मुलाच्या दारात गाडी उभी होती. बाबा हे कधी बोलून दाखवत नसत, पण गाडी पुसताना ते इतका वेळ लावायचे की आई म्हणायची, माझ्या तोंडावरून कधी असा हात फिरवला नाही.

गाडी नावाला आमची होती. वस्तीतल्या कोणाला साप चावला, कोणाची सून अडली, कोणाला परीक्षेला उशीर झाला, की बाबांच्या फाटकाची कडी वाजायची. पैसे ते घेत नसत. पुढे पुढे गावातल्या दुसऱ्या अंगाची माणसंही यायला लागली. ज्या घरांनी माझ्या आजोबांना अंगणाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्या घरची एक अडलेली सूनही याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून दवाखान्यात गेली. बाबांनी त्याचंही कधी भांडवल केलं नाही. फक्त घरी आल्यावर आईला म्हणाले, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

अशा माणसाच्या हातून किल्ली काढून घ्यायची होती.

डोळ्यांचं आमच्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पूर्वीच झालं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. मग ते माझ्याकडे पाहताना मान किंचित वाकडी करायला लागले. मला वाटलं, मानेचा त्रास. पेपर वाचणं बंद झालं, तेव्हा म्हणाले, आजकाल पेपरात वाचण्यासारखं असतं काय? एकदा मी त्यांच्या शेजारी बसून वर्ध्याहून पवनारला चालले होते. रस्त्याच्या कडेला कोणीतरी खताच्या पोत्यांची थप्पी लावली होती. बाबांनी गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवायला लागले. थप्पी हलेना. बाबा चिडून म्हणाले, "कोनाची म्हैस हाय बे?" मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. घरी आल्यावर मात्र हसू थांबलं. पोत्यांच्या जागी एखादं लेकरू असतं तर, हा एकच विचार मला आठवडाभर झोपू देईना. डोळे दाखवायला चला म्हटलं, तर म्हणाले, "ऑपरेशन झालं न. आता काय दाखवाचं रोज रोज?" विषय तिथेच संपला.

तर त्या रविवारी मी पाटोडीचा रस्सा केला, त्यांच्या आवडीचा. दुसरी वाटी वाढली आणि म्हटलं, "बाबा, आता ते गाडी नाई चालवता येनार. सरकारनं पंधरा वर्षांवरच्या गाड्या बंद केल्या. मोडीत द्या लागते."

"कोनं सांगतलं?"

"पेपरात आलं होतं."

"पेपर राहू दे. जी.आर. हाय का?"

"असंलच न, बाबा."

"असंल म्हनजे? नंबर काय? तारीख काय? सक्ती हाय का योजना हाय?"

मी म्हटलं, सक्ती आहे. माझ्या तोंडावर बारा वाजले असणार, पण त्यांना ते दिसलं नसावं. ते जेवले, हात धुतले, गाडीत बसले आणि पवनारला निघून गेले. मी दारात उभी राहून त्यांना जाऊ दिलं. त्या दिवसाचं हे एक वाक्य लिहिताना मला आजही लाज वाटते.

त्यानंतर दोन रविवार ते आले नाहीत. फोनवर म्हणायचे, काम आहे. रिटायर माणसाला कसलं काम? मी स्कूटर घेऊन पवनारला गेले, तर घराला कडी, गाडी अंगणात. शेजारच्या बाईने सांगितलं, "तुहे बाबा रोज सकाळी पायी जातात न, त्या आनलाईन सेंटरवर." माझ्या डोक्यात आलं, रागावले आहेत, माझ्या विरोधात अर्ज टाकतायत की काय. ते पायी का जातात, हा प्रश्न मला पडलाच नाही.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर दोरीची फाइल होती, तहसीलमधल्यासारखी, आत छापील कागद आणि कागदांवर लाल रेघा. बाबांनी फाइल माझ्यापुढे सरकवली.

"पान तीन पाय. सक्ती कुठी हाय? दाखव मले."

मी पान तीन पाहिलं. सक्ती कुठेच नव्हती.

"तू खोटं बोलली. तो बी बोलला. त्याले मी फोनवर इचारलं, तर तो म्हने सक्ती हाय. दोघं मिळून बापाले नियम शिकवून राह्यले."

मी बावन्न वर्षांची बाई, चौथीतल्या पोरीसारखी खाली मान घालून बसले. आता कडाक्याची बोलणी बसणार म्हणून वाट पाहिली. पण बाबांनी पुढचा कागद काढला.

"पन योजना चांगली हाय. गाडी देऊन टाकू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सरकारमान्य केंद्रावर गाडी जमा केली की प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवलं की नव्या गाडीच्या करात सूट, नोंदणीचा खर्च नाही, आणि विकणाराही थोडं कमी करतो. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर करता येतं. "तुह्या नावावर करून देतो. नवी तू घे. आपली वाढवलेली मुदत अशी बी तीन महिन्यांत सरते, पुन्हा तपासनी कायले करत बसा?"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट रडू आलं. वाटलं, आपल्या खोटेपणाने हा माणूस मनातून खचला, आता कशाशीच भांडायचं नाही असं त्याने ठरवलं. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या. नका देऊ गाडी." ते म्हणाले, "आता कागद तयार झाले." तहसीलमधल्या माणसाच्या दृष्टीने यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. रात्री भावाला सांगितलं तर तो खूश: "पाय, म्हटलं होतं न मी, सरकारचं आईकतात!" त्याच्यावर मी इतकी खेकसले की त्याने फोन बायकोकडे दिला.

केंद्र बुटीबोरीच्या बाजूला होतं. गाडी न्यायला ते लोक स्वतः यायला तयार होते, पण बाबा म्हणाले, ती काही मेलेली नाही, चालत जाईल. त्या सकाळी मी पोचले तर गाडी धुऊन पुसून तयार, आणि वस्तीतली पाचपन्नास माणसं फाटकापाशी. एक म्हातारी आली, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. बाबा बाहेर आले, किल्ली माझ्या हातात दिली आणि डाव्या बाजूचं दार उघडून बसले.

त्या गाडीच्या डाव्या सीटवर मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. माझ्याकडे लायसन होतं, वर्ध्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोनदा पैसे भरून मिळवलेलं, पण ही गाडी मला त्यांनी कधी दिली नव्हती. "क्लच जाळशीन," एवढं एकच कारण. आता ते पट्टा लावून समोर पाहत बसले होते.

"पाहून काय राह्यली? चालू कर."

फाटकाबाहेर निघेपर्यंत ती दोनदा बंद पडली. वस्ती हसली. बाबा हसले नाहीत. "घाई नको करू. हळू हळू पाय सोड," म्हणाले. तिसऱ्यांदा जमलं.

सेलू मागे पडलं, केळझर मागे पडलं. मला घाम फुटलेला, मागून ट्रक अंगावर आल्यासारखे यायचे. बाबा मात्र शांत. "आता तिसरा टाक." थोड्या वेळाने, "चौथा मागून राह्यली ते, आईक." मी एकदा त्यांच्याकडे चोरून पाहिलं. त्यांचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. डोळे मिटलेले होते आणि कान इंजिनाकडे. त्यांनी कितीतरी महिने अशीच गाडी चालवली असेल, हे मला त्या क्षणी कळलं.

केंद्रात शिरलो. मोठं पटांगण, एकावर एक ठेवलेल्या गाड्या, काहींची दारं काढलेली, काहींच्या काचेवर अजून देवांची चित्रं. डोक्यावर हेल्मेट घातलेला एक पोक्त माणूस पुढे आला. त्याने कागद पाहिले, फाइल चाळली आणि आदराने म्हणाला, "एवढे बराबर कागद घेऊन आजपर्यंत कोनी आलं नाई, साहेब." बाबांचा चेहरा खुलला. मग त्याने बॉनेट उघडायला सांगितलं. इंजिनामागच्या पत्र्यावर चेसिसचा नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. तो नोंदणीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळला की गाडी जमा.

"मी घेतो," बाबा म्हणाले. मागच्या तपासणीलाही ठसा त्यांनीच घेतला होता. त्यांनी पत्र्यावरून बोटं फिरवून नंबर शोधला, कागद चिकटवला आणि अलगद पेन्सिल घासली. एक एक आकडा वर आला. इतका स्वच्छ ठसा की तो माणूस पुन्हा खूश झाला.

"वाचा साहेब. मी पुस्तकासंगं मिळवतो."

बाबांनी कागद जवळ धरला. मग लांब धरला. मान डावीकडे वाकडी केली, मग उजवीकडे. पेन्सिलची काजळी त्यांच्या अंगठ्याला लागली होती. तो माणूस पुस्तक उघडून थांबला होता. मागे कुठेतरी पत्रा कापायची मशीन चालू होती. मी पुढे होऊन सहज घेतल्यासारखा कागद घेणार, एवढ्यात बाबांनी तो स्वतःच माझ्याकडे केला.

"तू वाच. मले दिसत नाई."

परक्या माणसासमोर, मोठ्याने, खणखणीत आवाजात. ज्यांनी मला घराच्या ओसरीवर बसवून अक्षर शिकवलं, ते म्हणाले, मला दिसत नाही. मी वाचायला लागले, पण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि आठचा तीन वाचला. बाबांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. नंबर त्यांना तोंडपाठ होता. हेल्मेटवाला हसला, मीही हसले, आणि गाडी जमा झाली.

प्रमाणपत्र निघायला वेळ होता. आम्ही पत्र्याच्या शेडखाली बाकावर बसलो. बाबांनी आपणहून सुरुवात केली.

"तू ज्या दिवशी खोटं बोलली न, त्याच दिवशी घरी जाताना झालं. आपल्या पवनारच्या वळनावर एक पोट्टी सायकलवर होती. मले ते दिसलीच नाई. ते ओरडली म्हनून ब्रेक लागला. सायकलीच्या चाकाले गाडी टेकली होती."

"लागलं का तिले?"

"नाई. रडली. मी तिले घरी पोचवून दिलं. पायी. तवापासून गाडी काढलीच नाई मी."

तीच ती दुपार. मी दारात उभी राहून त्यांना जाऊ दिलं होतं, कारण मला खरं बोलायला जड जात होतं.

"मग तो जी.आर. कसा वाचला तुमी?"

"सेंटरवरच्या पोरीनं वाचून दाखवला. दोनदा. लाल रेघा बी तिनंच मारल्या, मी सांगत होतो तशा."

"मले सांगतलं काऊन नाई, बाबा? मी आली असती वाचायले."

"तुमी तरी मले कुठी सांगतलं? तुमाले मालूम होतं, मले मालूम होतं. तुमी सरकारचं नाव केलं. म्या बी म्हटलं, चाला, सरकारच्याच नावावर होऊन जाऊ दे." मग म्हणाले, "वस्तीले काय सांगनार होतो? म्हातारा आंधळा झाला म्हनून गाडी गेली? आता सांगतो, योजनेत दिली."

ही योजना ज्यांनी आखली, त्यांच्यापुढे धूर असेल, लोखंड असेल, नव्या गाड्यांचा खप असेल. एका म्हाताऱ्याला मान खाली न घालता किल्ली सोडता यावी, हे त्यांच्या कोणत्याच कागदात नसणार. मी मात्र त्यांची जन्मभर ऋणी आहे. आणि स्वतःवर रागही आहे. साधं विचारलं असतं, हात धरून म्हटलं असतं, बाबा मला भीती वाटते, तर ती सायकलवरची मुलगी त्या दिवशी नुसती घरी गेली असती.

परत येताना एसटी मिळाली. बाबांना खिडकी दिली. बाहेर काही दिसत नसलं तरी वारा लागतो म्हणाले. सेलूच्या अलीकडे कधीतरी त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"आता डोळे दाखवू."

मी चमकून पाहिलं. मी म्हटलं होतं तेव्हा हे वाक्य मला मिळालं नव्हतं.

"आंधी भेव वाटे. डॉक्टर म्हनंल, गाडी सोडा. म्हनून जात नव्हतो. आता गाडीच नाई, तर कायचं भेव?"

दुसऱ्याच आठवड्यात वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तोवर प्रमाणपत्र माझ्या नावावर झालं होतं आणि मी एक छोटी पांढरी गाडी बुक केली होती. ती यायला अजून पंधरा दिवस होते. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. म्हणाल्या, पडद्याचा आजार आहे, मधलं पुसट झालंय आणि कडेचं शाबूत आहे, म्हणून बाबा मान वाकडी करतात. गेलेलं परत आणता येणार नाही, पण इंजेक्शनं घेतली तर उरलेलं टिकवता येईल, आणि अजून पुष्कळ उरलेलं आहे. "आधी आला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, "पण उशीर झालाय असंही नाही." मी त्यांना हे दोनदा म्हणायला लावलं.

पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी ठरलं. कागद भरताना त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर आहे का, बीपी आहे का, तंबाखू खाता का. बाबा टेकून बसून एकेकाचं उत्तर देत होते. मग बाईंनी मान वर न करता विचारलं, "आणि बाबा, गाडी चालवता का?"

बाबांनी मान वाकडी करून माझा चेहरा शोधला, आणि तो सापडल्यावर म्हणाले, "नाई जी. आता माही पोरगी चालवते."